जंतूबाईंचा शोध

जंतूबाईंना प्लेटशी बोलायची सवय होती. ही सवय साऱ्या विभागाला ठाऊक होती आणि सगळे तिच्यावर मागून हसून घेत. प्लेट म्हणजे झाकणाची चपटी गोल डबी. तिच्यात रक्त मिसळून थिजवलेला आगराचा, म्हणजे जेलीसारखा, लालभडक थर असतो. त्यावर रोग्याच्या अंगातलं पाणी तारेच्या लूपने पसरायचं आणि डबी उबदार कपाटात ठेवायची. पाण्यात जंतू असतील तर काही दिवसांनी त्यांचे ठिपके उगवतात. बाई पसरता पसरता प्लेटवर ओणवायच्या आणि सुरू व्हायच्या, "ये बाई, ये आता. किती लाजशील? मी काय खाणार आहे तुला?" चष्म्यावर वाफ धरते म्हणून मास्क हनुवटीखाली सरकवलेला असायचा. विद्यार्थ्यांपैकी कुणी असं केलं असतं तर बाईंनी त्याची अशी बिनपाण्याने केली असती की तो पुन्हा त्या दाराने आत आला नसता. बाईंना मात्र टोकणार कोण?

कारण बाई काही आयत्या पिठावर रेघोट्या ओढून मोठ्या झालेल्या नव्हत्या. उमेदीची वर्षं दुसऱ्यांच्या बाटल्या धुण्यात गेली. हंगामी नोकऱ्या, वरिष्ठांच्या नावाने छापून येणारं स्वतःचं काम, बढतीच्या वेळी नेमका मध्येच टपकणारा कुणाचा तरी भाचा, सगळं झालं. प्रयोगाला सुट्टी नसते, जंतू रविवार पाळत नाहीत. त्या काळात बाईंची लेक मोठी केली ती नणंदेने. नणंद शिवणकाम करायची. तिने शिवलेला कोट अंगावर असा बसे की ढेरपोट्या माणसालाही आरशासमोरून हलवत नसे. एका पायाने मशीन चालवायची आणि दुसऱ्या मांडीवर भाचीला झोपवायची. "तू जा गं तुझ्या किड्यांकडे, इथलं मी बघते," असं म्हणून तिने बाईंना कितीदा दाराबाहेर काढलं, त्याला गणती नाही.

आणि मग केस पिकल्यावर बाईंना शोध लागला. बोटांचे, मनगटांचे सांधे सुजतात, सकाळी मूठ वळत नाही, असा आजार असलेल्या लोकांच्या सांध्यातलं पाणी हाडांचे डॉक्टर बाईंकडे पाठवत. एरवी त्यातून काही उगवत नसे. बाईंनी आगराची कृती बदलली, प्लेटा जास्त दिवस ठेवल्या आणि फिकट पिवळे, गोडसर वासाचे ठिपके उगवले. एका रोग्यात नाही, पुष्कळांत. ओळखीच्या कुठल्याच जंतूशी ते जुळेनात. सोबत कोऱ्या प्लेटाही असत. त्यांच्यावर रोग्याचं पाणी घालत नाहीत, नुसता निर्जंतुक थेंब पसरतात, म्हणजे बाहेरची घाण आली तर कळते. त्या सगळ्या स्वच्छ होत्या. बाईंना आभाळ ठेंगणं झालं.

एकच माणूस नकाराची मान हलवत राहिला. शेजारच्या विभागातला रोगप्रतिकारशास्त्राचा प्राध्यापक. शरीराची संरक्षण-यंत्रणा समजावताना तो इतका फौजफाटा उभा करायचा की त्याचं नावच फौजदार पडलं होतं. तो म्हणाला, "बाई, या आजारात बाहेरचा शत्रूच नसतो हो. घरचीच फौज फिरते आणि सांधे खाते. तिला आवर घालणारं औषध वेळेत सुरू केलं तरच बोटं वाचतात."

"तुमची फौज तुम्ही सांभाळा," बाई म्हणाल्या. "माझ्या प्लेटवर उगवलंय ते मला डोळ्यांनी दिसतंय."

नेमकी त्याच सुमारास नणंदेची बोटं सुजायला लागली होती. तिच्याही सांध्यात तेच पिवळे ठिपके सापडले, तेव्हा ती घाबरायचं सोडून खूशच झाली. गिऱ्हाइकांना सांगायची, "साधासुधा नाही, आमच्या वहिनीने शोधलेला जंतू आहे मला." हाडांचे डॉक्टर जंतू मारायच्या गोळ्या लांबलचक मुदतीने द्यायला लागले, आणि पहिल्या घेणाऱ्यांत नणंद होती. काही महिन्यांनी बाईंनी विचारलं, "ताई, कसं वाटतंय?" नणंद म्हणाली, "अगं, नव्यासारखी झालेय." बाईंच्या शोधनिबंधात ती आली, नावाशिवाय, 'पूर्ण बरी झालेली स्त्री' म्हणून. निबंध गाजला. सभागृहांतून बाईंनी त्या स्त्रीचा उल्लेख करावा आणि टाळ्या पडाव्यात, असा नेमच झाला. विभागप्रमुखाची खुर्चीही आता त्यांच्याचकडे सरकत होती.

मग बाईंचा घसा बसला. साधं दुखणं, पण आवाज पार गेला. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर अवाक्षर काढायचं नाही. बाई घरात खुणा करायच्या, नवरा मुद्दाम उलटं समजायचा. प्रयोगशाळेतलं काम तेवढं चालू होतं. आणि त्या महिन्यात आलेल्या एकाही रोग्याच्या पाण्यातून काही उगवलं नाही.

बाईंनी आधी आगराला दोष दिला. मग कपाटाच्या उष्णतेला. मग मदतनिसाला डोळे वटारून झाले, कारण ओरडता येत नव्हतं. आवाज परत आला आणि ठिपकेही परत आले. फिकट पिवळे, गोडसर वासाचे. बाई त्या प्लेटकडे बघत बसल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं. रोग्याची प्लेट असली की त्या तिच्याशी बोलायच्या. कोऱ्या प्लेटशी काय बोलायचं? ती भराभर उरकायची, तोंडातून शब्द न काढता. म्हणून तर कोऱ्या प्लेटा कायम स्वच्छ राहिल्या.

त्यांनी दार लावून घेतलं, कापसाची काडी स्वतःच्या घशातून फिरवली आणि प्लेटवर ओढली. मास्क नाकावर घट्ट बांधून. काही दिवसांनी झाकण उघडलं तर तेच पीक, भरघोस. जनुकं जुळवून पाहिली, त्यातही फरक नाही. त्यांच्या घशात तो जंतू बिचारा जन्मभर कुणाचं वाईट न करता राहिला होता. बाईंनीच त्याला थुंकीच्या बारीक तुषारांतून लोकांच्या सांध्यांत नेऊन बसवलं होतं, म्हणजे कागदावर. आणि लोक त्याच्यासाठी खऱ्या गोळ्या खात होते.

लाज म्हणजे काय हे बाईंना त्या दिवशी कळलं. पहिल्या वर्षाच्या पोराला शिकवतात ती चूक: नमुन्यावर बोलू नये. त्यांनी स्वतः कितीजणांना त्यावरून फाडून खाल्लं होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण ती असल्या वेळी कधी दुभंगत नाही, आणि जिना उतरून घरी जावंच लागलं.

आणि त्या गप्प बसल्या. हे लिहायलाही वाईट वाटतं, पण बसल्या. कुणाला कळणार होतं? खुर्ची मिळू दे, मग हळूच निबंध मागे घेऊ, असा हिशेब मनाशी चालला. कुणी अभिनंदन केलं की त्या हसायच्या आणि घरी आल्यावर अन्न जाईना. नणंदेचा फोन आला तर लेकीला म्हणायच्या, "झोपलेय म्हणून सांग." जिने आपलं मूल वाढवलं तिलाच हे सांगायचं होतं, आणि तेच तोंडातून निघत नव्हतं.

शेवटी लेकीनेच एकदा सहज सांगितलं, की आत्याने शिवणकाम सोडून मशीन विकायला काढलंय. कंटाळा आला म्हणे. बाई रात्रभर कूस बदलत राहिल्या. सकाळी त्या थेट फौजदाराच्या खोलीत गेल्या आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तो आता नाकाने कांदे सोलणार, अशी त्यांची खात्री होती. सोलले असते तर बरं झालं असतं. तो नुसता पांढरा पडला.

"किती जणांना माझ्याकडच्या औषधापासून अडवलं आपण?" तो म्हणाला. 'आपण' म्हणाला, हा त्याचा मोठेपणा. "आधी सगळ्यांना बोलवा, गोळ्या थांबवा. निबंध मागे घ्यायचं पत्र आजच जाऊ दे. रडायचं ते नंतर."

पत्र गेलं. हाडांच्या डॉक्टरांना कळवलं, त्यांनी फोनवर जे ऐकवलं ते बाईंनी मुकाट ऐकून घेतलं. प्रमुखांच्या खोलीत जाऊन खुर्चीवरचा हक्कही सोडून आल्या. मग नणंदेकडे गेल्या. मशीनवर चादर घातलेली होती. नणंद स्वेटरच्या बाह्या पार बोटांपर्यंत ओढून बसली होती. बाईंनी सगळं सांगितलं. घसा, प्लेट, बडबड, गप्प राहिलेले आठवडे, पाठवलेलं पत्र, काही वगळलं नाही. "ताई, जंतू तुमचा नव्हता. माझ्या तोंडातला होता. गोळ्या आजपासून बंद करा."

नणंदेने बाह्या आणखी पुढे ओढल्या. मग म्हणाली, "गोळ्या तर मी केव्हाच सोडल्या गं. पोटात ठरतच नव्हत्या."

"पण तुम्ही म्हणालात, नव्यासारखी झालेय म्हणून."

"काय म्हणणार? तू दारातूनच माझ्या तोंडाकडे बघत आलीस. सगळा जन्म घासलास त्या कामात. तुला नाही म्हणवेना."

"आणि दुखत होतं?"

नणंदेने बाह्या मागे सारल्या. बोटं करंगळीकडे झुकलेली, पेरं गाठाळलेली, अंगठा तर उलटाच वळलेला. त्या हातात सुई धरायचं नावही काढता येत नव्हतं. प्लेटवरचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका लांबून ओळखणाऱ्या बाई या घरात इतक्यांदा येऊन गेल्या होत्या, आणि हे हात त्यांनी एकदाही हातात घेऊन पाहिले नव्हते.

"तुमच्या त्या फौजदाराचं औषध आता लागू पडेल?" नणंदेने विचारलं.

"पुढचं थांबेल," बाई म्हणाल्या. "वाकलंय ते सरळ नाही होणार."

"बरं," नणंद म्हणाली. "त्या तुझ्या निबंधात 'पूर्ण बरी झालेली' ती मीच ना? मग आणखी एक पत्र धाड आणि त्यात माझंही लिही. म्हणावं, तीही खोटं बोलत होती. सगळं तुझ्या एकटीच्या माथी नको."

बाईंना तिच्याकडे बघवेना. त्यांनी मान खाली घातली, तर तिथे नणंदेच्या मांडीवर तीच बोटं होती.