चेटकिणीचं गाऱ्हाणं

सातवीत असताना शाळेच्या नाटकात मला चेटकीण केलं, याचा राग मी अजून सोडलेला नाही. लोक म्हणतात, किती वर्षं झाली, सोड आता. मी सोडत नाही. कसालच्या बाजारात सुक्या मासळीचं दुकान मी कुणाच्या उपकारावर उभं केलेलं नाही, आणि गप्प बसून तर मुळीच नाही. पण त्या नाटकाची गोष्ट सांगताना मी दरवेळी रागापाशी थांबते आणि पुढचं गिळून टाकते. आज पुढचंही सांगते.

साल पंचावन्न किंवा छप्पन असेल. मालवणच्या किनाऱ्यालगत आमची शाळा होती. गॅदरिंगसाठी आमच्या बाईंनी स्वतः नाटक लिहिलं होतं. एका गरीब मुलीला किनाऱ्यावर शंख सापडतो. ती शंख फुंकते आणि तिच्या अंगावरच्या चिंध्या गळून खाली चमचमता परकर दिसतो, कपाळावर चांदणी येते, हातात काठी येते. मग ती समुद्रातल्या दुष्ट चेटकिणीशी लढते, कारण चेटकीण गलबतं बुडवत असते. चिंध्यांना बाईंनी एकच लांब टाका घातला होता. दोरा ओढला की सगळं एका दमात खाली पडायचं. तो दोरा ओढायला मिळावा म्हणून मी काहीही केलं असतं.

शंख फुंकणारी मुलगी झाली गावातल्या डॉक्टरांची लेक. बाई मला म्हणाल्या, "तुझा आवाज खणखणीत आहे. चेटकिणीला शोभेल."

आवाज शोभत होता की आमच्या घराला येणारा मासळीचा वास, ते मला तेव्हाही कळत होतं. आई पाटी डोक्यावर घेऊन मासे विकायची. सकाळी किनाऱ्यावर माल घ्यायचा, एस.टी.च्या मागच्या बाकावर पाटी सांभाळत कट्टा गावच्या बाजारात जायचं, दुपारी परत. कंडक्टर रोज तिला बोलायचा आणि ती त्याला रोज दुप्पट ऐकवायची. घासाघीस मी तिच्याकडूनच शिकले. तेव्हा बाईंशीही मी सौदा केला.

"मी चेटकीण होईन," मी म्हटलं, "पण माझ्या आईला पुढच्या रांगेत खुर्ची पाहिजे. डॉक्टरीणबाईंच्या शेजारी."

बाई हसल्या. "आणि नाही दिली तर?"

"तर ऐन दिवशी माझा घसा बसेल."

खुर्ची कबूल झाली. मला वाटलं, मी जिंकले. आईला जाऊन सांगितलं तर ती म्हणाली, "खुर्चेर बसान माका काय करूचा आसा? मागे उभी रवान बघतंय." पण मी ऐकलं नाही.

इथे वडिलांविषयी सांगायला हवं. ते गलबतावर खलाशी होते. मंगलोरहून कौलं घेऊन मुंबईला निघालेलं त्यांचं गलबत पोचलंच नाही. त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. ना माणूस मिळाला, ना फळी. जाणती माणसं म्हणाली, बारा वर्षं वाट बघ, तोवर कुंकू पुसू नकोस. त्यामुळे आई सवाष्णही नव्हती आणि विधवाही नव्हती. हळदीकुंकवाला कुणी बोलवायचं नाही आणि बोलवलं नाही असंही म्हणायचं नाही. ती कुंकू लावायची, पण मोहरीएवढं, दिसलं न दिसलं असं.

पहाटे होड्या लागायच्या आधी मी तिच्याबरोबर किनाऱ्यावर जायची. ती पाटी वाळूत ठेवायची, पाण्यात घोट्यापर्यंत उतरायची आणि समुद्राला गाऱ्हाणं घालायची. देवळात गावकर, म्हणजे गावाचा मानकरी, जसं घालतो तसंच. गावकर एकेक वाक्य बोलतो आणि जमलेली माणसं मागून 'व्हय म्हाराजा' म्हणतात. लोकांचा हा होकार मिळाला नाही तर गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, असं आमच्याकडे मानतात. आईच्या मागे म्हणायला कोण होतं? ती आपलीच वाक्यं म्हणायची आणि आपणच, जरा जाड आवाज काढून, 'व्हय म्हाराजा' म्हणायची. मी पाटीशी बसून ऐकायची. घरी त्याबद्दल आम्ही दोघीही कधी बोललो नाही. एकदाच ती म्हणाली होती, "एकटीचा गाऱ्हाणा तो ऐकणा नाय. व्हय म्हणूक गाव लागता."

गॅदरिंगच्या संध्याकाळी शाळेच्या पटांगणात गॅसबत्त्या लागल्या. आई आली. तिने चिंच आणि राख चोळचोळून हात धुतले होते. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची थोडी बाजूला घेतली, वासामुळे की जागा करून द्यायला, देव जाणे. मी विंगेतून बघून दात खाल्ले.

माझी पहिली एन्ट्री. तोंडाला कोळसा, केसांत शेवाळ म्हणून सुंभ. मी बाहेर पडले तोच मागून एकाने हाळी दिली, "इली गो इली, कट्ट्याची बांगडेवाली इली!" पटांगण हसलं. दुसरा ओरडला, "काय दर गो चेटकिणी?" आणखी हसले. आईने मान खाली घातली. माझं डोकं सटकलं. माझं डोकं तेव्हाही पटकन सटकायचं.

शेवटच्या प्रवेशात मुलगी काठी रोखून विचारते, "दुष्टे, तू गलबतं का बुडवतेस?" त्यावर चेटकिणीने एकच वाक्य बोलायचं होतं, "मला क्षमा कर," आणि मरायचं. मुलीला वीस वाक्यं, मला एक. तालमीत मी ते बोलत आले होते.

त्या संध्याकाळी मी ते बोलले नाही. मी गुडघ्यांवर बसले, हात जोडले आणि समोरच्या माणसांकडे तोंड करून म्हटलं,

"बा समुद्रा म्हाराजा! आज ही बायल तुका गाऱ्हाणा घालता."

मी थांबले, कारण आई तिथे थांबायची. आणि पटांगणातून, हसणाऱ्या त्याच माणसांतून, आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

त्यांनी ठरवून म्हटलं नाही. आमच्या माणसांना गाऱ्हाण्याचा सूर कानावर पडला की तोंड आपोआप उघडतं, मग ते देऊळ असो की शाळा, समोर गावकर असो की कोळसा फासलेली पोर.  मी पुढे गेले.

"माजो घोव तुया घेतलंस, ता तुजा काम."

"व्हय म्हाराजा!"

"पण घेतलंस तर तसा सांग. त्याच्या गलबताची एक फळी तरी हय लावून सोड."

"व्हय म्हाराजा!"

"माका कुंकू लावूक येवंदे, नायतर पुसूक येवंदे. हो अर्ध्यावरचो जीव नको."

"व्हय म्हाराजा!"

आता बायकांचे आवाजही मिसळले होते. मग मी माझं एक वाक्य जोडलं, "म्हणान मी गलबता फोडतंय. परतेक गलबतात माजो घोव सोधतंय." तिथे कुणीतरी हुंदका दिला. शंख फुंकणारी मुलगी काठी धरून उभी. तिला पुढचं काही आठवेना. विंगेतून बाई दबक्या आवाजात ओरडत होत्या, "मर! अगं मर आता!" आणि मागून एक म्हातारा खेकसला, "सोड गो बाय तिका! गरीब आसा ती!"

टाळ्या पडायला लागल्या. त्या आवाजात मी पुढच्या रांगेकडे पाहिलं. आपण जिंकलो हे आईच्या तोंडावर बघायचं होतं मला.

आई खुर्चीवर नव्हती. ती उभी होती. गाऱ्हाणं चालू असताना बसत नाहीत, म्हणून ती सगळ्या बसलेल्या माणसांत एकटी उठून उभी राहिली होती. हात जोडलेले, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. तिच्यासाठी ते नाटक नव्हतं. तिचं गाऱ्हाणं आज गावाने ऐकलं होतं आणि गावाने होकार दिला होता. मी मेले, म्हणजे चेटकीण मेली, पडदा पडला, तरी ती तशीच उभी होती.

तिथे, रंगमंचावर आडवी पडलेली असताना, मला पहिल्यांदा लाज वाटली. आईची पहाटेची वाक्यं होती ती. मी ती हसणाऱ्यांचं तोंड बंद करायला वापरली होती.

घरी जाताना मी मार खायची तयारी ठेवली होती. तिने हात उगारला नाही. माडांच्या आगरातल्या वाटेवर एवढंच बोलली, "सगळ्यांनी व्हय म्हटल्यानी."

"आये, ता नाटक होता."

"सगळ्यांनी म्हटल्यानी गो," ती म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या पहाटेपासून ती गाऱ्हाणं घालेना. घातलेलं होतं, गावाच्या होकारासह. आता फक्त जबाब यायचा होता. ती पाण्याच्या कडेने दूरपर्यंत चालत जायची आणि लाटेने टाकलेलं प्रत्येक लाकूड पायाने उलटून बघायची. एकदा एक फुटकं वल्हं मिळालं. ते पदराने पुसून तिने न्याहाळलं आणि परत ठेवलं. वल्हं लहान होडीचं होतं. या फेऱ्यांत माल घ्यायला उशीर व्हायचा, एस.टी. चुकायची. मी रोज ठरवायची, की आज सांगू, आये, मी रागाने बोलले, गाव सवयीने बोललं, ह्याला होकार म्हणत नाहीत. पुढे मोठमोठ्या व्यापाऱ्यांना तोंडावर खोटं ठरवणारी मी, मला तेवढं सांगवलं नाही.

नारळी पौर्णिमेला सगळ्यांनी समुद्राला नारळ दिला. तिनेही दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीशी होते. तिने न्हाणीच्या दगडावर बांगड्या फोडल्या. कुंकू आधीच पुसलेलं होतं. मग पाटी उचलली.

"आये, ह्या काय? बारा वर्सा—"

"गावान विचारल्यान. तो गप रवलो. गप रवणा म्हणजे जबाबच गो चेडवा."

कट्ट्याच्या बाजारात बायकांनी विचारलं, खबर आली काय? तिने सांगितलं, इली. कुठून आली ते सांगितलं नाही. त्या दिवशी तिने मासे गिऱ्हाइकाने सांगितलेल्या पहिल्याच दराला देऊन टाकले. आयुष्यात तेवढा एकच दिवस.

तिच्या हाती आणखी नऊ वर्षांची आशा होती. एकटीची, न पोचणाऱ्या गाऱ्हाण्याची, पण होती. ती मी एका संध्याकाळी टाळ्यांसाठी संपवली. नऊ वर्षं गेली, वडील आले नाहीत, म्हणजे तिचंच खरं ठरलं, असं मी मनाशी पुष्कळदा घासाघीस करून पाहिलं. तो सौदा पटत नाही.

त्या वर्षीचा अभिनयाचा पेला डॉक्टरांच्या लेकीला मिळाला. तो राग मी जपून ठेवला आहे, कारण त्याच्या आड बरंच काही झाकलं जातं. साठ सालानंतर आम्ही कसालला आलो. समुद्र दिसत नाही अशी जागा मी मुद्दाम शोधली. एकदा तीच डॉक्टरांची लेक सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, घ्यायला दुकानात आली, हातात लहान मूल. दरावरून आमची चांगलीच जुंपली. जाताना दारात थबकून म्हणाली, "त्या दिवशी काठी धरून मीपण व्हय म्हाराजा म्हटलेलं. कुणाला ऐकू आलं नसेल." मी तिला परत बोलावलं. सोडे तिने मागितलेल्या दराने दिले.

इथल्या देवळात गाऱ्हाणं असतं तेव्हा आई येते. सगळ्यांत मागे उभी राहते, तोंड मिटून. सगळा गाव म्हणतो, ती म्हणत नाही. गेल्या जत्रेला मी तिच्या शेजारी उभी होते. तिच्या वाटणीचंही आपणच म्हणावं असं मनात आलं आणि मी खणखणीत आवाजात म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

तिने माझा हात दाबला.

"हळू म्हण," ती म्हणाली. "ह्या नाटक न्हय."