उंबऱ्यावरचा सांधा

माझ्या भाऊजींना, कवडूंना, कोणतीही गोष्ट सरळ दिसतच नाही. ती सरळ असली तरी आधी एक डोळा मिटून तिच्याकडे बघायचं, मग मान हलवायची आणि म्हणायचं, "थोडसाक बेंड हाये." माझ्या बहिणीच्या, कमलाताईच्या लग्नात मांडवाच्या दाराशी त्यांनी हेच केलं. नवरदेव बांबू न्याहाळतोय आणि आम्ही नवरीकडच्या हार घेऊन ताटकळत उभ्या. मी तेव्हाच आईला म्हटलं, ताईला कुठं दिलं बाप्पा तुम्ही.

कवडू हे नावही उगाच पडलं नाही. आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून त्यांच्या आईनं यांना जन्मल्याबरोबर सुईणीला एका कवडीत विकलं आणि परत घेतलं. "म्हणजे तुमची किंमत तुमच्या आईलाच आधी कळली," असं मी चिडवायची. ते नुसते हसायचे. या माणसाला रागावता येत नाही, आणि मला रागावल्याशिवाय बोलता येत नाही.

भाऊजी क्रेनचे रूळ जोडतात. जमिनीवरचे नव्हे. कारखान्याच्या शेडमध्ये वर, छपराजवळ, दोन्ही बाजूंनी रूळ असतात आणि त्यांच्यावर क्रेन या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते. रूळ काही अखंड येत नाही, तुकड्यांनी येतो. मग तुकड्याला तुकडा लावायचा, बारीक तार ताणून ओळ धरायची, खाली पत्रे सारून उंची जुळवायची. एक टोक केसभर वर राहिलं तरी चाक दर खेपेला तिथं आपटतं आणि खाली टांगलेलं लोखंड झोके घेतं. देवळीच्या एमआयडीसीत, वर्ध्यात, पार बुटीबोरीपर्यंत त्यांनी जन्मभर हेच केलं. उजव्या अंगठ्याचं नख ते पुरतं कापत नाहीत. सांध्यावरून ते नख फिरवायचं, अडकलं की सांधा चुकला. "सांधा डोयानं नाई पाह्यत जया, नखानं पाह्यत," म्हणतात. एसटीत बसले तरी खिडकीच्या पट्टीवरून त्यांचं नख फिरत असतं.

ताई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होती. अंगानं भरलेली, बोलायला खमकी. दुपारी ती देवळीच्या घराच्या ओट्यावर येऊन बसली की गल्लीतल्या बाया आपोआप जमायच्या. विहारात पौर्णिमेला खीर असली की मोठ्या गंजातला झारा हिच्याच हातात. अशा बाईला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. उरला तुटका एखादा शब्द, तोही फार वेळानं यायचा. तेव्हापासून ती आतल्या खोलीत पलंगावर.

व्हीलचेअर आणली होती. पण पलंगावरून तिच्यात ठेवायला शेजारचे दोन गडी लागायचे. ते काखेत हात घालून उचलायचे तेव्हा ताई डोळे गच्च मिटून घ्यायची. थोडे दिवस तिनं सोसलं. मग गडी आले की डाव्या हातानं पलंगाची पट्टी धरून ठेवायला लागली, सोडेचना. ओटा सुटला. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, काही नको, काही हवं नाही. मी वर्ध्याला शिवणकाम करते. रविवारी तिच्याकडे जायची आणि येताना बसमध्ये पदर तोंडाला लावून रडायची. कमलाताई पुन्हा ओट्यावर आली पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. भाऊजींच्या डोक्यात काय आहे ते कळायला मार्ग नव्हता, कारण हा माणूस बोलतच नाही.

एका रविवारी मात्र बोलले. "जया, जाड कॅनव्हासची झोयी शिवून देशीन काय? माणूस बसन अशी."

भंगारातून त्यांनी लोखंडी गर्डरचे दोन तुकडे आणले होते. एक खोलीत, ताईच्या पलंगावरून दारापर्यंत. दुसरा दारापासून ओट्याच्या टोकापर्यंत. दोघांचा सांधा बरोबर उंबऱ्यावर. त्या रुळाला मोटारीची चेनपुली, म्हणजे वजन उचलून रुळावरून नेणारी साखळी, लटकणार, चेनपुलीला झोळी, झोळीत ताई. मला वाटलं, गेला हा माणूस कामातून. पण झोळी शिवली, दुहेरी शिलाई घालून शिवली.

रूळ भिंतींच्या आधारानं बसवला हिवाळ्यात, मोटार हाती येईपर्यंत चैत्र लागला. पहिल्यांदा ताईला झोळीत घेतलं तेव्हा ती बिचारी पट्टी सोडून बसली. मोटार चालवायचा बटणांचा डबा भाऊजींच्या हातात. खोलीत सगळं ठीक चाललं. उंबऱ्यावर आली आणि धाडकन आवाज झाला. चाक सांध्याला अडकलं आणि ताई दारात लोंबकळत झोके घ्यायला लागली. समोर नळावर सुलोचनाबाई पाणी भरत होती. "काय वो कमला, झुल्यावर बसली काय?" म्हणाली. मनानं वाईट नाही ती बाई, पण मी तिला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ताईला कसंबसं पलंगावर परत आणलं. बऱ्याच वेळानं तिच्या तोंडून एकच शब्द आला. "गठाण."

भाऊजींना उमजलं नाही. मला उमजलं. जिनिंगमध्ये कापसाच्या दाबलेल्या गठाणी अशाच साखळीला लटकून इकडून तिकडे जातात. त्यानंतर झोळी नुसती दिसली तरी ताई पट्टी धरायची.

मी भाऊजींवर तोंड सोडलं. "दुनियेचे सांधे जुळवता आणि स्वतःच्या बायकोचाच चुकवता? लाज नाही वाटत?" त्यांनी ऐकून घेतलं. शिडी लावली, वर चढले, नख फिरवलं. बाहेरचा तुकडा चांगलाच खाली गेला होता. घर काळ्या मातीवरचं. उन्हाळ्यात जमीन भेगाळते, ओटा खाली बसतो आणि खोली जागच्या जागी राहते. "भित्तीवर भरोसा ठेवला मी," एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांच्या ताटातली भाकर तशीच राहिली आणि मला माझीच जीभ टोचायला लागली.

मग त्यांनी मुरूम लागेपर्यंत खड्डे खणले, लोखंडी खांब उभे केले आणि दोन्ही तुकडे त्या एकाच सांगाड्याला टांगले. भिंतीचा संबंधच ठेवला नाही. सांधाही सरळ कापला नाही, तिरपा कापला. का, ते मला विचारावं लागलं नाही. गळ्याच्या पट्टीला जोड देताना मीही कापड तिरपंच कापते, नाहीतर जोडावर गुठळी येते. चाकही असंच एका तुकड्यावरून दुसऱ्यावर हळूच सरकतं. भाऊजींचं काम मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, आणि तेही शिवणाच्या वाटेनं.

तपासायला ते स्वतः झोळीत बसले. डबा माझ्याकडे दिला. ही संधी मी सोडते होय? सांधा आवाज न करता पार झाला आणि मी त्यांना तिथंच, दारात, अधांतरी थांबवलं.

"आता सांगा, लग्नात तो बांबू काऊन पाहत होते?"

"खाली कर वो."

"आधी सांगा."

पायजम्यातले पाय हलवत ते म्हणाले, "तुह्या बहिणीकडं पाहाची हिंमत नोती. मंग कुठं पाहू?"

इतकी वर्षं आम्ही त्या बांबूवरून या माणसाची थट्टा केली. तेवढ्यात ते हळू आवाजात म्हणाले, "जया, कर खाली. मले भेव लागून राह्यलं."

"सांधा तर तुमचाच आहे. त्याचं काय भेव?"

"सांध्याचं नाई. बटन तुह्या हातात हाये ना."

मी त्यांना उतरवलं. झोळीतून न उठता ते माझ्या हातातल्या डब्याकडे बघत बसले, मग तडक आत गेले.

ताईनं त्यांना पाहिलं आणि पट्टी धरली. भाऊजींनी झोळीला हात लावला नाही. पलंगाच्या कडेला टेकले आणि डबा तिच्या पुढ्यात ठेवला. "हे वर, हे खाली. हे समोर, हे मांगं. तुह्याजोळ ठेव. मी हात नाई लावत."

ताईनं आधी डब्याकडे, मग त्यांच्याकडे पाहिलं. पट्टीवरचा हात सोडला आणि एक बटण दाबलं. रिकामी झोळी वर गेली. दुसरं दाबलं, झोळी दाराकडे निघाली. ओट्यावर गेली, परत आली, पुन्हा गेली. दर खेपेला ताई मान वाकडी करून उंबऱ्यावरचा आवाज ऐकायची. आवाज नव्हता. शेवटी झोळी पलंगाशी आणून थांबवली आणि कॅनव्हासचं टोक स्वतःकडे ओढलं.

आम्ही दोघांनी तिला बसवलं. बाकी सगळं तिनं केलं. भाऊजी धावत जाऊन उंबऱ्यावर, सांध्याच्या खाली, दोन्ही हात पसरून उभे राहिले. कारखान्यात टांगत्या वजनाखाली कोणी उभं राहिलं तर हा गरीब माणूससुद्धा खेकसतो. ताई त्यांच्यापर्यंत आली आणि बटण सोडून थांबली.

"हट," म्हणाली. अगदी स्वच्छ.

भाऊजी बाजूला झाले. ताई त्यांच्यासमोरून, सांध्यावरून, अलगद ओट्यावर गेली. सुलोचनाबाईनं नळ चालूच ठेवला, आली आणि पहिल्यांदाच काही न बोलता पायरीवर बसली. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

ताईनं गल्ली पाहून घेतली. मग पुन्हा 'समोर' दाबलं. मोटार घरघरली, पण झोळी हलेना. तिनं परत दाबलं.

"रूळ सरला," भाऊजी म्हणाले. "इथलोकच हाये." ओट्याच्या टोकापर्यंतच होता तो.

ताईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं पूर्वी भाजीवाल्याकडे पाहायची. अंगणाच्या पलीकडच्या फाटकाकडे मान वळवली. ओठ थरथरले, शब्द यायला वेळ लागला, आम्ही थांबलो.

"फाटकालोक," ती म्हणाली.

भाऊजी तिथंच मटकन खाली बसले आणि लेकरासारखे रडायला लागले. लकवा मारल्यापासून ताईनं त्यांच्याकडे घोटभर पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. "मागून राह्यली जया," ते म्हणाले. "आयकलं ना तुनं? ते मागून राह्यली."