उमरग्याच्या ट्रकचं इंजिन गार होईपर्यंत

कळंबहून पहाटेची एसटी धरली तेव्हा आमच्या यांच्या अंगात नवा शर्ट होता. जणू मुलगी बघायलाच निघालेत! निघालो होतो ट्रक बघायला, तोही जुना, थेट उमरग्याला. पण मीही काही कमी नव्हते. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि दशम्या मी गरजेपेक्षा दुप्पट बांधल्या होत्या.

उभी हयात यांनी दुसऱ्यांचे ट्रक चालवले. कळंबात कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की इंजिन तपासायला यांनाच नेतात, आणि यांनी "नको" म्हटलं की सौदा तिथंच मोडतो. आज पहिल्यांदा स्वतःसाठी बघायची होती. साठवलेलं होतं नव्हतं ते एकाच गाडीला पुरणार होतं. आत झिजलेलं इंजिन गळ्यात पडलं, तर यांना पुन्हा दुसऱ्याच्याच गाडीवर बसावं लागणार होतं, तेही कायमचं.

ढोकीवरून धाराशिव गाठलं आणि तिथं गाडी बदलली. तुळजापूर मागं पडलं तसं ऊन वर आलं. दोन्ही बाजूंना काळं रान, पिवळी फुलं धरलेली तूर, मधूनच ताडपत्रीखाली झाकलेली सोयाबीनची बनीम (गंजी). मी खिडकीतून रान बघत होते आणि हे रस्त्यावरचे ट्रक बघत होते. एखादा निळा धूर सोडत गेला की म्हणायचे, "ऑइल खातोय बघ. पिस्टनच्या रिंगा गेल्यात." सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागल्यावर तर विचारूच नका! शेवटी दशमी हातात दिली तेव्हा गप्प बसले.

उमरग्यात ट्रकचे मालक, अण्णा, स्टँडवर न्यायला आले होते. कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरंशुभ्र धोतर, चालताना गुडघ्यावर हात. "बर्री, बर्री (या, या)," असं म्हणत घरी घेऊन गेले. आणि अंगणात ती उभी होती. लाल तोंडाची, सहा टायरची, नुकतीच धुतलेली!

झालं! आमचे हे विरघळले. केबिनमध्ये चढले, स्टिअरिंगवर हात फिरवला, हॉर्न वाजवला. किलोमीटरचा काटा कधीच बंद पडलेला आणि क्लचच्या पायडलचं रबर पार गुळगुळीत झालेलं, म्हणजे गाडी खूप पळलीय हे कुणीही सांगावं. पण यांना दिसेल तर शपथ! वरूनच ओरडले, "अगं, लई झ्याक गाडी हाय! इंजिन एकदम ओके."

"इंजिन तुम्ही बघितलं कधी?" मी विचारलं. संसारभर जेवताना याच गोष्टी ऐकल्यात मी. सरळ पुढं गेले आणि बॉनेटच्या फटीतून इंजिनला हात लावला. चटका बसला. माझं टाळकंच सरकलं. आधी चालू करून तापवून ठेवलेलं इंजिन कुणाचंही गोड चालतं. खोड दिसते ती गार असताना.

"अण्णा, इंजिन गरम कसं?" मी जरा कडकच विचारलं.

अण्णांनी मान खाली घातली. "सकाळी जरा फिरवून आणली, ताई."

"मग गार होऊ द्या. तोवर आम्ही बसतो."

हे खाली उतरले. चेहरा पडला होता, पण वाद घातला नाही. त्यांनाही आपली चूक कळली असावी.

आणि बसलो म्हणजे काय, पाहुणचारच सुरू झाला! अण्णांच्या बायकोनं, अक्कांनी, पाट मांडले. "ऊटा (जेवण) केल्याबिगर जायचं न्हाय." कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर हुग्गी (गव्हाची खीर) आणि तुपाची धार. चव अशी की मी लाज सोडून दुसऱ्यांदा मागितली. पण घास उतरताना मनात एकच होतं, या माणसांचं मीठ खाऊन त्यांना "नको" कसं म्हणायचं?

अक्कांनी माझ्या ताटात आणखी हुग्गी वाढली आणि हळूच म्हणाल्या, "राग धरू नका, ताई. पहाटं उठून एकलेच गेले हायवेला. म्या म्हणलं, आता कशाला? तर म्हणले, गुडघा क्लच दाबू देईना, गाडी तर आज जाणार. एक शेवटची चक्कर मारून येतो."

किती वाईट वाटलं म्हणून सांगू! मी यांच्याकडं बघून म्हणाले, "अहो, घेऊन टाकू या. आता कशाला तपासायचं?"

पण आता हे भानावर आले होते. "न्हाय," म्हणाले. "तपासल्याबिगर न्यायची, तर अण्णांच्या गाडीचा मान काय राह्यला?" अण्णा एकदम ताठ बसले. म्हणाले, "व्हय. बघूनच न्या."

उन्हं कलली तेव्हा हात लावून बघितलं. इंजिन गारढोण. यांनी ऑइल मोजायची पट्टी ओढली, थेंब बोटांवर चोळला, उन्हाला धरून धातूचे कण चमकतायत का बघितलं. "काळं हाय, ते डिझेलला असायचंच. कण न्हाईत. आवाज दाबायला जाड ऑइलबी भरलेलं न्हाय." मग सेल्फ मारला. इंजिन घुरघुरलं आणि बंद. अण्णांनी डोळे मिटले. दुसऱ्यांदा मारला आणि ते थडथडत उठलं! मागून भसकन निळा धूर आला. मी तर देवाचा धावाच सुरू केला. धूर पातळ होत गेला, होत गेला आणि निवळला.

खरी परीक्षा पुढंच होती. चालू इंजिनवरचं ऑइलचं झाकण यांनी काढलं आणि तोंडावर उलटं नुसतं ठेवलं. रिंगा, लायनर झिजले असतील तर आतली हवा खाली गळते आणि वर जोर मारते, झाकण उडवून लावते. याला हे लोक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. आम्ही चौघं त्या झाकणाकडं बघत उभे. झाकण थरथरलं. कडेकडेनं सरकलं. यांनी अण्णांना केबिनमध्ये चढून ॲक्सिलरेटर द्यायला लावला. झाकण टकटक वाजलं, आता उडतंय की काय! पण उडालं नाही. बसून राहिलं.

यांनी झाकण लावलं, हात पुसले आणि अण्णांसमोर उभे राहिले. "अण्णा, इंजिन म्हातारं हाय, पण दमलेलं न्हाय. थोडं ऑइल खाईल. हा हंगाम निघंल, मग इंजिन उघडून नवं बांधून घेऊ." अण्णांनी यांना मिठी मारली. अक्कांनी पदर डोळ्याला लावला आणि मी काय, मी आधीपासूनच रडत होते.

कागदं झाली, नारळ फुटला आणि दिवस मावळायच्या आत आम्ही आमच्या ट्रकमधून निघालो. आमच्या! याच रस्त्यानं सकाळी एसटीतून आले होते, पण या उंचीवरून तीच तूर केवढी पसरलेली दिसली! नळदुर्गाजवळच्या चढाला मी श्वास रोखला, तर गाडी गुरगुरत वर चढली. प्रवास म्हणजे नवा मुलुख बघणं, असं मला वाटायचं. आज ओळखीचाच रस्ता असा काही नवा झाला की घर येऊच नये असं वाटलं.

चढ संपल्यावर चहाला थांबलो. केबिनमध्ये परत बसल्यावर यांनी खिशातून फोन काढला. मला ठाऊक होतं कशाला. इतकी वर्षं यांची सवयच ती, प्रत्येक थांब्यावर मालकाला फोन करून सांगायचं, कुठं पोचलो, का थांबलो, निघू का. फोन हातात धरून हे तसेच बसून राहिले. लावायचा कुणाला?

मग माझ्या पिशवीत फोन वाजला. बघते तर यांचाच. उचलला. शेजारी बसलेले हे सरळ समोर बघत, कानाला फोन लावून म्हणाले, "मालकीणबाई, नळदुर्ग आलं. चहा झाला. निघू का?"

मीही सरळ समोर बघत म्हणाले, "निघा. आणि पोचल्यावर फोन करा."