आम्ही त्यांच्याकडं राहत नव्हतो

"हे लोक माझ्याकडं राहत नाहीत."

अण्णासाहेब असं म्हणाले. हेडमास्तरांच्या खोलीत, खुर्चीत बसून, खादीच्या टोपीची कड बोटांनी सारखी करत. आम्ही दाराबाहेर उभे होतो. बा पुढं, मी त्याच्या मागं, आई ओसरीच्या खाली उन्हात. आत या असं आम्हाला कुणी म्हटलं नव्हतं आणि आम्हीही उंबरा ओलांडला नव्हता.

हेडमास्तरांनी पुन्हा विचारलं, "म्हणजे हे चिंचवडचे नव्हेत?"

"छे हो! चाकणकडचे आहेत. कामाला येतात अधूनमधून."

अधूनमधून. आदल्या दिवाळीपासून आम्ही त्यांच्या गोठ्यात झोपत होतो. गाईचं मूत माझ्या अंथरुणापर्यंत यायचं. त्याच सकाळी आईनं तिथं चूल पेटवून मला भाकरी दिली होती. परीक्षेचा निकाल आहे, उपाशी जाऊ नये म्हणून.

अण्णासाहेबांच्या शेजारच्या खुर्चीत त्यांचा भाचा बसला होता. नुकताच कोकणातून आलेला. त्याची ट्रंक बानंच स्टेशनावरून डोक्यावर आणली होती.

"आणि हा मुलगा?"

"हा माझ्याकडंच असतो. घरचाच आहे."

"मग प्रश्नच मिटला," हेडमास्तर म्हणाले.

प्रश्न म्हणजे मी. सरकारी हायस्कूल होतं. फी नाही, पुस्तकं शाळेची. परीक्षा घेऊन मोजकीच मुलं घ्यायचे आणि त्यातही शाळेत चालत येता येईल एवढ्या अंतरावर राहणाऱ्यांना आधी. शेवटची एक जागा उरली होती. परीक्षेत मी त्या भाच्याच्या पुढं होते, हे हेडमास्तरांनीच आम्ही ओसरीवर चढताना सांगितलं होतं. फक्त आम्ही इथलेच आहोत असं गावातल्या एखाद्या मोठ्या माणसानं तोंडी सांगायचं होतं. आमचा मोठा माणूस खुर्चीत बसला होता.

आम्ही तिथवर कसे आलो, ते सांगते.

आमचं गाव चाकणच्या पलीकडं. बा गावचा येसकर. वेशीवर राखण करायची, सरकारी माणूस आला की त्याच्या पुढं पळायचं, मेलेलं ढोर ओढायचं आणि संध्याकाळी दारोदार उभं राहून भाकरी मागायची. येसकराची खूण म्हणजे घुंगरू बांधलेली काठी. ती वाजली की बायका तुकडा घेऊन बाहेर यायच्या आणि वरून टाकायच्या. त्या काठीचा मला लहानपणी फार राग होता. भाकरी मात्र मी खात होते.

अण्णासाहेब आमच्या महारवाड्यात आले ते भाषण करायला. देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा अशी माणसं यायची. पाट्या वाटल्या. आमच्या घरचा चहा प्यायले. सगळा महारवाडा बघत होता, कप ओठाला लागतो की नाही ते. लागला. मग मी त्यांना पाढे म्हणून दाखवले, एक कविता म्हटली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. खरंच ठेवला.

"ही पोर इथं कुजवू नका," ते बाला म्हणाले. "आमच्या चिंचवडला सरकारी हायस्कूल आहे. बिऱ्हाड हलवा. माझ्याकडं राहा. हिच्या शाळेचं मी बघतो."

सगळ्यांनी ऐकलं. म्हातारी माणसं रडली. मीही रडले, पण आनंदानं.

दुसऱ्या दिवशी बा चावडीवर गेला आणि सगळ्या गावासमोर ती घुंगरकाठी आपल्या चुलतभावाच्या हातात दिली. "आजपासनं पाळी तुजी. माज्या घरात ही काठी पुन्ना येनार न्हाई," असं म्हणाला. आमच्यात अशी दिलेली काठी परत मागता येत नाही. तिच्याबरोबर भाकरीचा हक्क गेला, खळ्यावरचं धान्य गेलं, गावात असायचं कारणच गेलं. चुलता काठी हातात घेऊन बाच्या तोंडाकडं बघतच राहिला होता. त्याला वाटलं, याचं डोकं फिरलं.

आता कळतं आमचं चुकलं कुठं. आमच्याकडं शब्द चारचौघांत दिला की तो माणसाला बांधतो. आयुष्यभर बांधतो. अण्णासाहेबांनी शब्द चारचौघांतच दिला होता, पण ते चारचौघे आमच्यातले. त्यांच्यातलं तिथं कुणी नव्हतं. त्यांच्या लेखी तो शब्द रिकाम्या रानात दिल्यासारखा होता. हे बाच्या ध्यानात आलं नाही. कसं येणार? त्याच्या हिशोबी आम्हीही माणसंच होतो.

मोशीला इंद्रायणी ओलांडून, भोसरीवरून आम्ही चिंचवडला चालत आलो. आईच्या डोक्यावर भांडी, बाच्या डोक्यावर वाकळा आणि माझ्या हातात पाटी. वाटेत बा सारखा सांगत होता, "आन्नासायबांच्या घरात ऱ्हायाचं हाय. नीट ऱ्हायाचं." त्याला घर दिसत होतं.

घर पुढं होतं. आम्हाला गोठा दिला. बाईसाहेबांनी, म्हणजे अण्णासाहेबांच्या पत्नीनं, पहिल्याच दिवशी सांगितलं, "मागच्या बोळानं यायचं. आडाला हात लावायचा नाही. कुणी विचारलं तर कामाला आलो म्हणायचं, राहतो म्हणायचं नाही." आईनं मान डोलावली. मी म्हटलं, "पण आपण राहतो की." आईनं चिमटा काढला. तेव्हा मला वाटलं, मोठ्या लोकांची काहीतरी रीत असेल.

बा अंगण झाडायचा, लाकडं फोडायचा, गाई नदीवर न्यायचा. आई आणि मी शेण काढून गोठ्याच्या मागच्या भिंतीवर गोवऱ्या थापायचो. पैसे नव्हतेच. राहायला दिलंय ना, मग पैसे कसले? मी गोवऱ्या थापत थापत व्याकरण पाठ करायचे. आईच्या गोवरीवर तिचा मोठा पंजा उठायचा, माझ्या गोवरीवर माझा. वाळल्या की बाईसाहेब त्या काठीनं सुपात ओढून घ्यायच्या आणि स्वयंपाकघरात न्यायच्या. आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं, पण आमच्या हातच्या गोवऱ्यांवर त्यांचा भात शिजत होता. मला याचं तेव्हा हसू यायचं. आईला सांगितलं तर ती म्हणायची, "गप. शाळा होऊ दे."

शाळा होऊ दे. हे आमच्या घरात देवाच्या नावासारखं झालं होतं. दूध मागायचं नाही, शाळा होऊ दे. ताप आला, शाळा होऊ दे. बाईसाहेबांच्या मुलीनं माझ्या पाटीवर थुंकलं, शाळा होऊ दे.

आणि आता अण्णासाहेब म्हणत होते, हे लोक माझ्याकडं राहत नाहीत.

मी बाच्या तोंडाकडं बघितलं. तो बोलेल असं मला वाटलं. त्याचे हात जोडलेलेच. मग मीच बोलले. ठरवून नाही. तोंडातून निघालं.

"आमी त्यांच्या गोठ्यात ऱ्हातो. मागल्या भितीवर गोवऱ्या हायत. त्या मी थापल्यात. माजा पंजा लावून बगा."

मी हात पुढं केला. बोटं पसरून. भाचा हसला. अण्णासाहेबांचं तोंड लाल झालं. बोळातून येणारी माणसं, गोवऱ्या, चूल, सगळं एकदम त्या खोलीत आलं असावं, कारण त्यांनी घाईघाईनं हेडमास्तरांकडं बघितलं. हेडमास्तरांनी उठून बघायचं म्हटलं तर तो गोठा शाळेपासून हाकेच्या अंतरावर होता. ते उठले नाहीत.

"गोवऱ्या कुणीही थापतं," ते म्हणाले. "बाहेर घेऊन जा हिला."

मी बाहेरच होते.

अण्णासाहेब आमच्या मागोमाग आले. शाळेच्या फाटकापाशी कुणी नाही असं बघून त्यांनी बाला थांबवलं. आवाज खाली आणला. त्यात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. समजूत घालत होते.

"पोरीला आवर जरा. चारचौघांत मी कसं म्हणू, माझ्या घरात महार राहतात म्हणून? उद्या माझ्याकडं पाणी कोण पिईल? आपलं आपल्यात ठीक आहे. पुढच्या वर्षी बघू तिचं. जा आता, गाईंना पाणी दाखव."

"जी," बा म्हणाला.

हेडमास्तरांचं बोलणं मी विसरले असते. भाच्याचं हसणंही. ती 'जी' मी विसरले नाही. ज्या माणसानं सगळ्या गावासमोर काठी सोडली, त्याच्या तोंडून ती आली. अण्णासाहेबांनी माझी जागा घेतली होतीच, पण माझा बासुद्धा घेतला, असं मला वाटलं.

मी रस्त्यात बसले. भर उन्हात, धुळीत. उठेना. बानं हाताला धरून ओढलं तरी उठेना.

"ऊठ," बा म्हणाला. "गोठ्यात जाऊ. दुसरं हाय कुटं आता? काठी बी गेली."

मग आई म्हणाली, "तिला बसू द्या हितंच. मी भांडी घिऊन येते."

मी मग तिच्यामागं धावले. आईनं भांडी बांधली, वाकळा गुंडाळल्या आणि मागच्या भिंतीकडं जाऊन वाळलेल्या गोवऱ्या उतरवायला लागली. बाईसाहेब खिडकीतून ओरडल्या, "गोवऱ्या कुठं नेतेस? शेण आमचं आहे."

"शेण तुमचं," आई म्हणाली. "हात आमचं."

एवढंच. माझी आई त्या दिवसाआधी कुणाला उलटून बोलली नव्हती. मी माझ्या पंज्याच्या गोवऱ्या शोधून शोधून काढल्या. भिंतीवर गोल गोल डाग राहिले. ओल्या होत्या त्या तशाच सोडल्या. त्यांवर माझी बोटं उठलेली होती, हेडमास्तरांना कधी बघावंसं वाटलं तर.

बा फाटकापाशीच उभा होता; त्यानं वाकळा डोक्यावर घेतल्या आणि आम्ही पिंपरीला गेलो. तिथं मोठा कारखाना उभा राहत होता आणि पाया खणायला माणसं लागत होती. बानं कुदळ घेतली, आईनं घमेलं. रुळाच्या कडेला पोत्यांची झोपडी घातली. पहिल्या दिवशी त्याच गोवऱ्यांवर भाकरी झाली. पाऊस आत यायचा, आगगाडी गेली की भांडी पडायची. पण कुणी विचारलं की आम्ही सांगायचो, इथं राहतो.

वर्ष फुकट गेलं. दुसऱ्या वर्षी मी त्याच परीक्षेला पुन्हा बसले. हेडमास्तर बदलले होते. त्यांनी विचारलं, राहता कुठं. बानं हात जोडायच्या आतच आई पुढं झाली. उंबऱ्याच्या आत.

"पिंपरीत. आमच्या झोपडीत. शिपाई धाडा संगं, दावते."

त्यांनी शिपाई धाडला नाही. नाव घातलं. वर्गात मला खिडकीखाली वेगळं बसवलं, तो भाचा माझ्या पुढच्या वर्गात होता, ते सगळं झालं. ते सगळ्यांचंच होतं, त्याचं कौतुक सांगत नाही.

मी मॅट्रिक झाले तेव्हा चिंचवडच्या वाचनालयात सत्कार ठेवला. आमच्यातली मॅट्रिक झालेली मुलगी तेव्हा औषधालाही मिळत नव्हती. मला नारळ दिला, हार घातला. अध्यक्ष अण्णासाहेब. केस पांढरे झालेले, टोपी तीच. जमाना बदलला होता. आता महार घरात ठेवले होते असं सांगितलं की टाळ्या पडत होत्या.

आणि ते सांगायला लागले.

"ही मुलगी माझ्या घरात राहून शिकली. त्या काळात मी हरिजन कुटुंब घरात ठेवलं. लोक काय म्हणतील याची पर्वा केली नाही."

टाळ्या पडल्या. बा मागच्या रांगेत बसला होता, कारखान्याच्या खाकी कपड्यात. त्यानं मान खाली घातली. आई माझ्याकडं बघत होती.

जे वाक्य एकदा, फक्त एकदा, हेडमास्तरांसमोर म्हणायचं होतं, ते हा माणूस आता म्हणत होता. माझं वर्ष गेल्यावर. बाची काठी गेल्यावर. तेव्हा त्या वाक्याची किंमत त्याला द्यावी लागली असती. आता त्याला ते फुकट मिळत होतं, वर टाळ्या. अंगाची आग झाली माझ्या. एकदा दगा दिला तो कमी होता म्हणून आता त्याचंच पुण्य करून घेत होता.

मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी नारळ टेबलावर ठेवला. हार काढून नारळाशेजारी ठेवला.

"हे लोक माझ्याकडं राहत नाहीत, असं अण्णासाहेबांनी हेडमास्तरांना सांगितलं होतं," मी म्हटलं. "मी दारात उभी राहून ऐकलंय. माझे आई-बाप मागं बसलेत, त्यांनीही ऐकलंय. त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं तेच खरं धरा. आम्ही त्यांच्याकडं राहत नव्हतो."

कुणीतरी खोकलं. अण्णासाहेब हसून म्हणाले, "लहान होतीस तू, तुला आठवत नसेल."

"मला सगळं आठवतं," मी म्हटलं. "आणि मी आता लिहायला शिकलेय."

खाली उतरले. बा उठून उभा होता. त्यानं हात जोडले नव्हते. आम्ही पुढच्या दारानं बाहेर पडलो.