लाखेची रेकॉर्ड आणि स्पिरिटचा बोळा

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी रेकॉर्ड धुवायचं मशीन बनवलं. आयुष्य विज्ञान शिकवण्यात गेलं होतं, हात रिकामे ठेववत नव्हते, आणि माहेरून आलेल्या रेकॉर्डवर इतकी धूळ बसली होती की गाण्यापेक्षा चरचरच जास्त ऐकू यायची.

शिरूरच्या एका गॅरेजमधून जुन्या जीपच्या वायपरची मोटर आणली. ती बॅटरीच्या चार्जरवर हळू फिरते. तिच्यावर घरातला पोळपाट बसवला आणि मधोमध स्क्रू बसवून रेकॉर्ड अडकवायची सोय केली. पाणी ओढायला व्हॅक्यूम क्लीनर होता. त्याच्या तोंडाला पाइपाचा तुकडा, पाइपाला उभी चीर, आणि चिरेच्या दोन्ही कडांना मखमलीची पट्टी, म्हणजे रेकॉर्डवर ओरखडा उठायला नको. धुवायला बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब आणि थोडं स्पिरिट.

"आता पोळ्या कशावर लाटायच्या?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"नवा पोळपाट आणा," मी म्हणाले.

गॅरेजवाल्याने ही गोष्ट गावभर केली असणार, कारण एका बाजाराच्या दिवशी निमोण्याहून एक म्हातारे गृहस्थ पत्र्याची ट्रंक घेऊन दारात उभे राहिले. पांढरी दाढी, डोक्याला टोपी, तितकाच स्वच्छ पांढरा पायजमा.

"बाई, तुम्ही रेकाडं धुता म्हणं."

पूर्वी पंचक्रोशीतल्या लग्नांत स्पीकर लावायचा त्यांचा धंदा होता. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागले. ट्रंकेत त्या काळच्या रेकॉर्ड होत्या. पाकिटांत मांडवातली माती, खाचांत हळद, एका पाकिटातून तर पिवळ्या पडलेल्या अक्षता निघाल्या. सगळ्यांत खाली टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक जाड, जड रेकॉर्ड होती. चाचांनी ती दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली.

"ही आमच्या अब्बांची. चावी दिऊन वाजवायच्या भोंग्याच्या टायमाची. माझी थोरली भन दौंडला असती, आपा. गुडघे गेल्यात, घराभाईर पडत न्हाई. तिला ऐकवायची हाय. पुढच्या आठवड्यात येतो म्हणून सांगून ठिवलंय."

बाकीच्या रेकॉर्ड चार दिवसांत छान निघाल्या. टॉवेलातली मी मुद्दाम शेवटी घेतली. पाण्याने तिचा मळ हलेना, म्हणून कापसाचा बोळा नुसत्या स्पिरिटमध्ये भिजवला आणि फिरत्या रेकॉर्डवर टेकवला. बोळा काळाकुट्ट झाला. मी खूश झाले. दुसरा बोळा घेतला, तोही काळा. किती वर्षांचा मळ हा, असं म्हणत मी तिसरा घेतला, आणि बोटं चिकट लागली. दिव्याखाली पाहिलं, तर रेकॉर्डची चकाकी गेली होती आणि खाचांच्या जागी नुसता धुरकट पट्टा होता.

निघत होता तो मळ नव्हता. रेकॉर्डच निघत होती.

भोंग्याच्या काळातल्या रेकॉर्ड लाखेच्या असत, नंतरच्यांसारख्या प्लास्टिकच्या नव्हेत, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुताराचं पॉलिश कसं बनतं ते सांगताना वर्गात हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहीत आले होते. पोरांना परीक्षेत त्यावर मार्क दिले होते.

रेकॉर्ड वाळवून प्लेअरवर लावली. नुसती खरखर. मधेच एखाद्या बाईचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा यायचा आणि बुडायचा. मी तिथेच खाली बसले. ह्यांनी चहा आणून ठेवला. "आधीच खराब होती म्हणून सांग. त्यांना काय कळतंय?" ते माझ्या काळजीनेच म्हणाले. खोटं कशाला बोलू, तोच विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. दोन दिवस मी फोन केला नाही.

तिसऱ्या दिवशी केला.

"फुटली का?" चाचांनी विचारलं.

"नाही. विरघळली."

"रेकाड विरघळती व्हय?"

"लाखेची होती, चाचा. मला कळायला हवं होतं. माझ्या हातून झालं."

मग चाचा म्हणाले, "उद्या दौंडला जायचंय. तुम्हीच चला. तुम्हीच सांगा तिला. माझ्यानं न्हाई सांगवायचं."

दुसऱ्या दिवशी मी शिरूरहून एसटीत बसले. चाचा निमोण्याजवळच्या न्हावऱ्याला चढले. मला पाहून मान हलवली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. चौफुल्याला गाडी बदलायची होती. तिथे त्यांनी माझ्या हातात चहाचा कप दिला. पाटसच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमुळे बस अडकली, तेव्हा ते मागे वळले.

"बाई, खरं सांगू का? अब्बांनी ही आपाला दिल्याली व्हती. लग्न होऊन ती जायला निघाली तवा म्या लपवली. गावली न्हाई म्हणून सांगितलं. ती रडली. मला वाटलं, ती गेली, आता रेकाडबी जाणार. आन् मग द्यायची राहूनच गेली."

मी मांडीवरची टॉवेलात गुंडाळलेली रेकॉर्ड सावरून धरली.

आपाचं घर रेल्वे स्टेशनापासून जवळच होतं. आपा पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. चांगल्या उंच, आवाज खणखणीत. मी रेकॉर्ड त्यांच्या मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं, बोळ्यापासून चिकट बोटांपर्यंत. त्यांनी रेकॉर्डवर हात फिरवला. मग चाचांनी आपलं सांगितलं, खाली बघत.

"मला ठाऊक व्हतं की," आपा म्हणाल्या. "ज्वारीच्या कणगीत घातली व्हतीस. म्या जाताना बघितली."

"मग नेली का न्हाई?"

"तू सात दिवस जेवला नसतास."

चाचांनी टोपी काढली आणि नुसतीच हातात धरून बसले.

"आन् बाई, तुम्ही नका जिवाला लावून घेऊ," आपा मला म्हणाल्या. "वाजली कवा धड? हे बघा, अशी वाजायची." आणि त्यांनी गायला सुरुवात केली. एका ओळीला आल्या आणि तिचा शेवटचा शब्द त्यांनी तीनदा म्हटला, जिथे सुई अडकायची तिथे. मग तोंडाने 'टक्' केलं आणि पुढची अर्धी ओळ गाळून गाणं उचललं. चाचांनीही त्याच जागी, न ठरवता, 'टक्' केलं.

"तिथं अब्बा भोंग्याला टिचकी मारायचे," ते मला म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, पण ते हसत होते.

त्या अर्ध्या ओळीत काय शब्द होते ते दोघांनाही कधीच कळलं नव्हतं. मला हलकं वाटलं असं म्हणणार नाही. माझ्या हातून जे गेलं ते गेलंच, आणि ती अर्धी ओळही त्यातच होती. पण ज्या घरात मी शिव्या खायला गेले होते, तिथून शेवयांची खीर खाऊन निघाले.

निघताना चाचा रेकॉर्ड टॉवेलात गुंडाळू लागले.

"आता तरी हितं ठेव," आपा म्हणाल्या आणि हात पुढे केला.

आपांनी ती उशापाशी भिंतीला टेकवून उभी केली. परतीच्या बसमध्ये चाचा माझ्या शेजारी बसले आणि धुतलेल्या रेकॉर्डमधली कुठली कुणाच्या लग्नात वाजली, कोणत्या गाण्याला कोणता नवरदेव घोड्यावरून पडला, हे न्हावरे येईपर्यंत सांगत राहिले.