फिलूबायने वाहिलेला मेणाचा हात

देवीवर माझी श्रद्धा लहानपणापासून आहे. पण खांद्याचं ऑपरेशन झाल्यावर मधले काही महिने असे गेले, की देवी आहे हे कबूल, पण ती माझं ऐकते आहे का, याचीच मला शंका यायला लागली. रोज सकाळी दिवा लावायचा आणि दिवा लावता लावता तिच्याशी भांडायचं, असा माझा क्रम झाला होता. आमचे हे बाहेरून विचारायचे, "पूजा चाललीय की पंचायत?" मी उत्तर देत नसे. उत्तर द्यायला तोंड लागतं, आणि ते तेव्हा देवीशी बोलण्यात गुंतलेलं असे.

मी पन्नाशी ओलांडलेली बाई. भुईगावात आमची छोटीशी वाडी आहे, केळी, नारळ आणि सोनचाफा. वाडी हे बघतात, मी विरारला शाळेत शिकवते. आता अशा बाईच्या हातात धनुष्यबाण कुठून आला, तर लेकीमुळे. ती शाळेत असताना बोळिंजच्या मैदानावर तिरंदाजीचा वर्ग सुरू झाला. मी तिला सोडायला जायचे आणि वर्ग संपेपर्यंत बाकावर बसून भाजी निवडायचे. एकदा सर म्हणाले, "मॅडम, मेथी बाजूला ठेवा आणि एक बाण मारून बघा." मी मारला. तो टार्गेटला शिवलासुद्धा नाही, मागच्या जाळीत जाऊन लटकला. पण दोरी सुटताना कानाशी जो आवाज झाला ना, तो मला काही केल्या विसरता येईना. लेकीने महिन्याभरात वर्ग सोडला. मी अजून तिथेच आहे.

गावाने माझी यथेच्छ थट्टा केली. बाजारात मासेवाल्या म्हणायच्या, "बाईंना स्वस्तात द्या गो, नाहीतर बाण मारतील." मला त्याचं काही वाटत नसे. खरं सांगायचं तर देवघरात बसल्यावर माझं मन कधी शाळेत असतं, कधी गॅसवरच्या दुधात. बाण लावून दोरी ओढली की मात्र ते गपचूप जागेवर येऊन बसतं. तेवढा क्षणभर मी कुणाची आई नसते, कुणाची बाई नसते, कुणावर चिडलेली नसते. माझ्या लेखी ती पूजाच आहे. म्हणून ती बंद पडली तेव्हा माझा जीव इतका कासावीस झाला.

बंद पडली ती एका फणसाने. होळीच्या आसपास हे झाडावर चढून भाजीचे कोवळे फणस काढत होते. खाली गोणपाट ताणून झेलायला मी आणि आमचा गडी. हे वरून ओरडले, "धरलंय का?" मी म्हटलं, "धरलंय." गडी म्हणाला, "थांबा." हे दोन्ही शब्द वर एकदम पोहोचले आणि यांनी माझाच ऐकला. बायकोचं ऐकायची सवय त्यांना नेमकी त्या दिवशी लागावी! फणस आला, गड्याच्या हातातलं टोक सुटलं, सगळा भार माझ्या उजव्या हातावर आला आणि खांद्यात काहीतरी कडकन तुटलं. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, आतला स्नायू फाटलाय, शिवावा लागेल. शिवल्यावर म्हणाले, "शिवलाय चांगला, पण आता धनुष्यबिनुष्य विसरायची तयारी ठेवा. जमलं तर नशीब."

हे ऐकून मी पडल्या पडल्या जीवदानी आईला नवस बोलले. माझा नवस म्हणजे साधासुधा नाही, सगळा तपशीलवार. उजवा खांदा पूर्ण बरा होऊ दे, दसऱ्याच्या आत होऊ दे, मला माझंच जड धनुष्य ओढता येऊ दे, आणि दसऱ्याचा पहिला बाण माझाच असू दे. आमच्या मैदानावर दसऱ्याला शस्त्रपूजा होते. टार्गेटला झेंडूचं तोरण बांधतात, धनुष्यांना हळदकुंकू लावतात, आणि सगळ्यांत जुन्या विद्यार्थ्याने सरावाचा एकही बाण न मारता पहिला बाण सोडायचा. तो टार्गेटला लागला की सगळ्यांचं वर्ष चांगलं जातं, अशी समजूत. सगळ्यांत जुनी मी. माझ्यानंतर वर्गात आलेले एक निवृत्त साहेब आहेत, ते कधीपासून त्या मानावर डोळा ठेवून आहेत. "आणि आई, हे नाही झालं तर मी धनुष्य विकून टाकीन," असंही मी वर सुनावलं. हे खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. म्हणाले, "नवस बोलतेस की वाण्याकडे सामान सांगतेस?" पण धनुष्य विकायचं ऐकून त्यांचे डोळे चमकले. धनुष्य ठेवते त्या कोपऱ्यात त्यांना कधीचा इन्व्हर्टर बसवायचा होता.

हात गळ्यात बांधलेला असतानाच मी हट्टाने जीवदानीच्या गडावर गेले. पायऱ्या चढले, पण खरी अडचण वर आली. घंटा वाजवायला हात उचलावा तर उजवा छातीशी बांधलेला. डाव्याने वाजवली. तीर्थ घ्यायला हात पुढे केला, तोही डावाच. मागून एक म्हातारी फिसकारली, "उजवा कर गो, उजवा! देवाच्या दारात डावा हात?" मी म्हटलं, "आजी, उजवा शिवायला टाकलाय." रांगेतले हसले, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर जो हात कधी प्रसादाला पुढे केला नाही, तोच घेऊन मी आईपुढे उभी होते, भिकाऱ्यासारखी. खाली उतरताना मनाशी म्हटलं, एवढ्या लांब येऊन हिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पावसाळा आला. व्यायाम शिकवणारी मुलगी उजव्या हाताला रबराची पट्टी ओढायला लावायची आणि मला आई-बाप आठवायचे. ती म्हणाली, "उजव्याने धनुष्य नाही. डाव्याने काय करायचं ते करा." डाव्या हाताने आम्ही धनुष्य नुसतं धरतो, ओढायचं काम उजव्याचं. तरी काहीच नसण्यापेक्षा बरं म्हणून मी रोज संध्याकाळी ओट्यावर उभी राहून डाव्या हातात धनुष्य धरून हात लांब करायचे आणि तशीच थांबायचे. दोरी ओढायची नाही, बाण नाही, नुसतं उभं राहायचं. हे येता जाता म्हणायचे, "थांबली आहेसच तर टॉवेल वाळत घालू का त्यावर?" मी मनातल्या मनात देवीला आठवण करून द्यायचे, दसरा जवळ येतोय, उजवा खांदा, विसरू नकोस.

आमच्या शेजारी फिलूबाय राहते. माहेर पाचूबंदरचं, ख्रिस्ती कोळ्यांच्या घरातली, सासर आमच्या भुईगावातलं. सत्तरी गाठली तरी आवाज असा, की तिने तिच्या अंगणात मांजराला हाकललं तर आमच्या घरातलं दूध वाचतं. दर सप्टेंबरात ती वांद्र्याच्या चर्चमधल्या मोत माउलीच्या जत्रेला जाते आणि अख्ख्या गल्लीच्या वतीने मेणाच्या वस्तू वाहून येते. कुणाचा गुडघा दुखतो, मेणाचा पाय. कुणाला घर हवं, मेणाचं घर. सुनेला दिवस जावेत म्हणून मेणाचं बाळ. हिंदू-ख्रिस्ती असा भेद तिच्या पिशवीत नसतो. त्या वर्षी जत्रेहून आली ती थेट आमच्या ओट्यावर, हातात बुंदीची पुडी.

"बाय, तुज्यासाठी मेनाचा हात वाह्यला मी. माउलीला सांगितलं, मास्तरीन गरीब हाय, हिला बरी कर."

माझे डोळे भरून आले. मी तिच्या पाया पडायला वाकले, तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "दुकानवाला इचारतो, कंचा हात, डावा का उजवा? मी बोल्ली, डावा."

मी अर्धी वाकलेली तशीच थांबले. "फिलूबाय! अगं, माझा खांदा उजवा! ऑपरेशन उजव्याचं झालं! गळ्यात उजवा बांधून फिरत होते मी सगळीकडे!"

"ता मना काय म्हायत? मी रोज बगते ना ओट्यावर. डावा हात धरून उभी ऱ्हातस नि तो असा थरथर थरथर करतो. उजवा तर गप बसलेला असतो. ज्यो थरथरतो त्योच दुखत असंल ना?"

आतून ह्यांचा हसण्याचा आवाज आला. माझी मात्र चिडचिड झाली. इकडे जीवदानी आई ऐकेना, तिकडे मोत माउलीपर्यंत अर्ज गेला तो चुकीच्या हाताचा. मी म्हटलं, झालं, माझं नशीबच वाकडं. फिलूबाय बिचारी बुंदी ठेवून निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "माउली शानी हाय, तिला कलतं."

दुसऱ्या संध्याकाळी मी ओट्यावर उभी राहिले आणि पहिल्यांदाच माझ्या डाव्या हाताकडे नीट बघितलं. थरथरत होता खरा. धनुष्याचं टोक हवेत हेलकावे खात होतं. आणि मला एकदम आमचे सर आठवले. इतकी वर्षं ते माझ्या मागे उभे राहून एकच सांगायचे, "मॅडम, डावा." मी म्हणायचे, "हो सर," आणि उजव्याने आणखी जोर लावायचे. धनुष्य धरणारा हात डळमळला की बाण भरकटतो; माझे बाण नेहमी टार्गेटभर पांगायचे, जसे अंगणात दाणे टाकल्यावर कोंबडीची पिल्लं. मला वाटायचं, आणखी जड धनुष्य घेतलं की ठीक होईल. मला त्या ओट्यावर आधी हसू आलं, मग रडू आलं. मी देवीकडे जे मागत होते त्याची यादी मीच केली होती, आणि जे खरोखर दुखत होतं ते यादीत नव्हतंच.

त्या दिवसापासून मी आठवण करून देणं बंद केलं. हात लांब करायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "आई, माउली, दोघींना काय ठरवायचं ते ठरवा. हा हात तुमचा." भांडण संपल्यावर घरात येते तशी शांतता माझ्या मनात आली. हे तर घाबरलेच. म्हणाले, "बरं वाटत नाही का तुला?" आणि झालं ते असं, की डाव्या हाताची थरथर हळूहळू थांबली. रोजच्या सरावाने थांबली असेल, मी नाही म्हणत नाही. पण सराव तर मी आधीही करत होते.

उजवा खांदा मात्र आपल्या चालीने चालला होता. दसऱ्याच्या आधी डॉक्टरांनी परवानगी दिली ती फक्त अगदी हलक्या धनुष्याची. म्हणजे नव्याने आलेल्या पोरांना देतात ते लाकडी. माझा नवस सगळ्याच बाजूंनी फसला होता. दसऱ्याला मैदानावर गेले तर साहेब पांढरी टोपी घालून तयारच. म्हणाले, "मॅडम, उगाच त्रास घेऊ नका. मी आहे." सर माझ्याकडे बघत होते. जड धनुष्य घेतलं असतं तर शिवण उसवली असती, आणि मान सोडला असता तर मी घरी जाऊन धनुष्य विकलं असतं, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, "सर, ते पोरांचं धनुष्य द्या." सरांनी तोरण मोठ्या टार्गेटवरून काढलं आणि पोरांच्या जवळच्या टार्गेटला बांधलं.

सगळे गोळा झाले. हे आले होते, फिलूबायही आली होती, नवं लुगडं नेसून. धनुष्य हातात इतकं हलकं लागलं की मला लाजच वाटली. उजव्याने दोरी ओढली, खांद्यातून कळ गेली, पण दोरी हनुवटीपर्यंत आली. एरवी या क्षणी मी देवीला सांगते, मधल्या पिवळ्यात घाल. त्या दिवशी काही सांगितलं नाही. समोर बघितलं, तर डावा हात खांबासारखा स्थिर. माझाच आहे का, असं वाटावं इतका. दोरी सुटली. कानाशी तो आवाज झाला, तोच, पहिल्या दिवशीचा. बाण लाल वर्तुळात रुतला, पिवळ्याच्या अगदी काठाला.

मी धनुष्य छातीशी धरून सगळ्यांसमोर रडले. सर म्हणाले, "मॅडम, डावा!" आणि या वेळी ते हसत होते. फिलूबायने कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला आणि मैदानभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बाय, पुडच्या वर्साला उजवा आनू काय?" मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, "हात पुरे झाले. डोकं मिळतं का बघ." साहेबसुद्धा हसले. इन्व्हर्टर आता स्वयंपाकघरात बसवलाय.

दसऱ्यानंतर मी पुन्हा गडावर गेले. उजवा खांदा अजून दुखतो. थंडीत जास्त दुखतो, आणि जड धनुष्य कदाचित कधीच ओढता येणार नाही. आईपुढे उभी राहिले, सवयीने काहीतरी मागायला तोंड उघडलं आणि मिटलं. काय मागायचं तेच सुचेना. रांग पुढे सरकत होती. पुजाऱ्यांनी प्रसादाचा हात पुढे केला, तसा माझा उजवा पुढे गेला. मग मला डाव्याची आठवण झाली. इतक्या वर्षांत त्याला कधी बोलावलंच नव्हतं. मी दोन्ही हात जोडून ओंजळ केली. पुजाऱ्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि चिमूटभर द्यायचे तिथे मूठभर खडीसाखर ओतली.