तांडा रिकामा असताना

पौषात आमच्या तांड्यावर म्हातारी माणसं, एखाददुसरं लेकरू, कुत्री आणि मी, एवढेच उरायचो. दिवाळी झाली की घरोघरची माणसं लेकराबाळांसकट ट्रॅक्टरवर चढून ऊसतोडीला जातात, ती गुढीपाडव्याच्या आसपास परततात. हे हिंगोलीत कुणाला माहीत नाही असं नाही. तरीही अंगणवाडीतली लेकरं मोजायला तालुक्याच्या ऑफिसातल्या मॅडम पौषातच आल्या.

त्या अंगणवाडीची मी सेविका. ही नोकरी मला कुणी ताटात वाढून दिली नव्हती. लग्नानंतर मीही कोयता घेऊन फडात राबले. उन्हाळ्यात वसमतच्या बाजारात हळद निवडली, मुकाट्याने नाही, भांडून मजुरी वाढवून घेत. दोन लेकरं झाल्यावर दहावीला बसले. सेविका झाले त्या वर्षी ट्रॅक्टर निघाला आणि मी खाली उभी राहून तो जाताना बघितला. त्या एका गोष्टीसाठी पुढचं सगळं सोसलं. मदतनीस निवृत्त झाली, तिच्या जागी कुणी आलंच नाही. खिचडी मीच शिजवायची, अंगण मीच झाडायचं, लेकरांची वजनं मोबाईलमध्ये मीच भरायची. शेजारच्या गावची सेविका कंटाळून पुण्याला गेली, कुठल्याशा एजन्सीमार्फत एका आजीला सांभाळायला.

"हिथं वीस रडतात, तिथं एकच रडतंय, ताई," ती फोनवर म्हणाली.

मागच्या दिवाळीआधीच कुणकुण लागली होती की कमी लेकरांच्या अंगणवाड्या बंद करून मोठ्या गावातल्या अंगणवाडीला जोडणार. म्हणून ट्रॅक्टर भरत होता तिथं मी गेले आणि शेजारच्या सुनेला गाठलं.

"पोरगं माझ्यापाशी ठेव. एक वेळचं न्हाई, दोन वेळचं जेवू घालते."

"आन् रातच्याला माय पाहिजे म्हणलं तर, काकी?"

"सासू हाय ना तुझी."

"तिला सोताचं पांघरूण सापडत न्हाई." तिने पोराला वर चढवलं. "तुमी तुमची ठेवली व्हती का मागं?"

माझीही दोन्ही लेकरं उसाच्या पाचटावरच रांगली होती.

पौषात मॅडम आल्या तेव्हा माझ्यासमोर दोनच पोरी बसलेल्या. मॅडम वयानं माझ्या लेकीएवढ्या.

"बाकीची मुलं?"

"आयांसंगं उसात."

"मग ती इथं धरता येत नाहीत, ताई."

माझं डोकं फिरलं. "बाजार उठल्यावर येऊन तुमी म्हणून राहिल्या, हिथं बाजार भरतच न्हाई! पाडव्यानंतर या, मग मोजा."

"पाडव्याला मी असेन की नाही, तेच माहीत नाही," त्या खाली बघत म्हणाल्या. "माझं कंत्राट त्याआधीच संपतंय."

भांडायला समोर माणूस तर हवं. महिन्याभरात आमची अंगणवाडी बंद करून गावातल्या अंगणवाडीला जोडल्याचा कागद आला. ऑफिसात गेले तर तिथेही तेच. हे साहेब नवीन, ते साहेब दुसरीकडचा कारभार सांभाळून इथलं बघणारे. गावात आधीच सेविका आहे, तुमच्यासाठी जागा निघाली की कळवू, म्हणाले. बाजारात हळदीच्या अडत्याशी घासाघीस करताना निदान त्याला माझे हात हवे असायचे. इथं माझ्याजवळचं काहीच कुणाला नको होतं.

पाडव्याला तांडा भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची सून पोराला घेऊन, हातात ताटली घेऊन अंगणवाडीच्या दारात उभी. कुलूप बघून तिने मला हाक मारली.

"काकी, आज काहून उघडलं न्हाई?"

गावातली अंगणवाडी नाल्यापलीकडे. तिचं पोरगं एकटं तिथं जाणार नाही, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. ती ताटली पदराखाली घेऊन गेली.

जागा निघाली नाही. दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीची टोळी भरणारा मुकादम आला आणि नवऱ्याशी बोलता बोलता माझ्याकडे वळला.

"वहिनी, यंदा नवरा-बायकोची एक जोडी कमी पडून राहिली."

"गुडघे धरलेत माझे," मी म्हणाले. "तोडीन, पण मोळी वाहणार न्हाई."

"मोळी न वाहता जोडीचा कोयता असतो व्हय?" तो हसला. "फडात खुर्ची टाकू का तुमाला?"

दुसरी कुठली वेळ असती तर मी त्याला तांड्याबाहेर घालवून दिलं असतं. नवरा माझ्या तोंडाकडे बघत बसला होता.

"डोक्यावर न्हाई घेत," मी हळू म्हणाले. "मोळ्या बांधून देईन."

"बघू," मुकादम म्हणाला आणि उठला.

माझा कोयता अंगणवाडीच्या चुलीला लाकडं तोडून तोडून बोथट झाला होता. कानस कुठं आहे, मी नवऱ्याला विचारलं.